स्वस्त औषधाची अवहेलना

पावसाळा लागला व नळास गढूळ पाणी येऊ लागले, की आमच्या शहरांतील घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते: मुलास ढाळ लागले. मग जे घडते ते आमच्या वाचकांनी स्वतःच्या घरी पाहिलेच असेल. आजी म्हणते, पाणी देऊ नका, जितके पाजाल तितके बाहेर पडेल. आई दूध बंद करते. वडील दुकान नोकरावर सोपवून औषधवाल्याकडे धावतात व जुलाब बांधणारी गोळी मागतात. सायंकाळी डॉक्टरांपुढे मूल नेले म्हणजे ‘एक इंजेक्शन द्या, वाटल्यास सलाईन लावा, पण लवकर बरे करा’ असा आग्रह होतो. ह्या सर्व धांदलीत ज्या वस्तूने मूल खात्रीने सावरावयाचे, ती मात्र कोणास आठवत नाही. ती वस्तू म्हणजे योग्य प्रमाणात केलेले मीठ-साखरेचे पाणी. बाजारात त्याची पुडी ओआरएस ह्या नावाने मिळते.

अतिसारात मूल दगावते ते बहुधा जुलाबाच्या जंतूंमुळे नव्हे, तर अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे, ही गोष्ट एकदा नीट ध्यानी धरली म्हणजे पाणी बंद करण्याची चाल किती घातक आहे हे सांगावे लागत नाही. हौदास गळती लागली असता वरचा नळ बंद करणाऱ्यास आपण शहाणा म्हणू काय? कोणी म्हणेल, पाजलेले पाणी पोटात ठरतच नाही, मग पाजून उपयोग काय? नुसत्या पाण्याविषयी ह्या शंकेत काही तथ्य आहे. परंतु आतड्याची रचना अशी आहे, की साखर व मीठ दोन्ही बेताने एकत्र आली म्हणजे ती एकमेकांच्या सोबतीने आत शोषली जातात व त्यांच्यामागून पाणीही शोषले जाते. आणि जुलाब चालू असतानाही हा मार्ग बहुधा खुला राहतो. मात्र साखर फार झाली, तर ती उलट अंगातलेच पाणी आतड्यात ओढते व जुलाब वाढतात. म्हणून ह्या औषधात सारे महत्त्व प्रमाणाला आहे.

ही केवळ पुस्तकी विद्या नव्हे. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित बंगालात आले तेव्हा बोनगाव येथे पटकीची साथ उसळली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, रुग्ण जमिनीवर पडलेले, शुश्रूषेस माणसे नाहीत. अशा वेळी डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा ह्यांचे पाणी पिंपांत भरून ठेवले व ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातलगांवरच सोपविले. शंभरांत तीसपर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण चारांच्याही खाली आले. पुढे १९७८ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्राने हा शोध त्या शतकातील वैद्यकाची कदाचित सर्वांत महत्त्वाची प्रगती ठरेल, असा अभिप्राय दिला. बांगलादेशात १९८० नंतरच्या दशकात ‘ब्रॅक’ ह्या संस्थेच्या स्त्रिया घरोघर हिंडल्या व मूठभर गूळ, तीन बोटांची चिमूट मीठ आणि अर्धा शेर पाणी हा पाठ त्यांनी लक्षावधी आयांस शिकविला. आईच्या ध्यानात किती राहिले हे मागाहून तपासून त्या स्त्रियांस मोबदला मिळे. आमच्या शाळाखात्याने ह्या युक्तीचा विचार करण्यास हरकत नाही!

असे असता आमच्याकडील स्थिती काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, जुलाब झालेल्या शंभर मुलांपैकी सुमारे ६१ मुलांसच हे पाणी मिळाले असे दिसून आले. दोष कोणाचा? आम्ही इतके दिवस औषधविक्यांच्या लोभास व डॉक्टरांच्या नफ्यास बोल लावीत होतो. परंतु कर्नाटक व बिहार ह्या प्रांतांतील दोन हजारांहून अधिक खाजगी चिकित्सकांची एक पाहणी २०२४ साली प्रसिद्ध झाली, ती वाचून आम्हांस आमचे मत बदलावे लागले. नफ्याचा लोभ व पुड्यांचा तुटवडा ही कारणे तीत किरकोळ ठरली. मुख्य कारण हे, की रोग्यास हे औषध नकोच असते अशी चिकित्सकाची समजूत. आणि रोग्याच्या माणसाने आपण होऊन ते मागितले, तेव्हा ते देण्याचे प्रमाण शंभरांत २८ वरून ५५ वर गेले. म्हणजे आपण तोंड उघडले असते तर काम झाले असते! पण थोडक्या पैशांच्या पुडीने बरे होणे आम्हांस कमीपणाचे वाटते. सुई टोचली नाही तर डॉक्टरांनी काही केलेच नाही, अशी आमची समजूत.

आता कृती. पुडी मिळाल्यास उत्तम. ती सरकारी दवाखान्यात व आशा कार्यकर्तीकडे मोफत मिळते. पुडीवर जितके पाणी लिहिले असेल तितक्याच पाण्यात ती सबंध विरघळवावी. लिटरभर पाण्याची पुडी पेलाभर पाण्यात घोळून पाजणे हा घात आहे, आणि तो सुशिक्षित घरांतूनही होतो. पुडी नसेल तर उकळून निवविलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट लहान चमचा मीठ घालावे. चमचा पाच मिलिलिटरचा असावा; घरातील चमच्याचा भरवसा नसेल तर औषधाच्या बाटलीचे खुणा केलेले टोपण घ्यावे. चव अश्रूंहून खारट लागली तर ते फेकून पुन्हा करावे. केलेले पाणी चोवीस तासांनंतर ठेवू नये. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धी वाटी, त्याहून मोठ्यास अर्धी ते एक वाटी, चमच्याचमच्याने द्यावे. ओकले तर दहा मिनिटे थांबून अधिक सावकाश द्यावे. अंगावरचे दूध मुळीच तोडू नये. जेवणाऱ्या मुलास मऊ भात, वरण, केळे द्यावे. कोकणातील व गोव्यातील मीठ घातलेली पेज ह्या कामी फार चांगली. त्या आजीबाईंचे मात्र आम्ही मनापासून अभिनंदन करतो. जोडीस जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या, गोळ्या डॉक्टरांस विचारून दहा ते चौदा दिवस द्याव्या. जुलाब बांधणारी गोळी लहान मुलास देऊ नये.

व्यापारी बंधूंस एक शब्द सांगणे आहे. नावात ‘ओआरएस’ मिरविणारी गोड पेये कित्येक वर्षे औषध म्हणून खपली. त्यांत साखर योग्य प्रमाणाच्या कितीतरी पट असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने पेयांच्या नावांत हे शब्द वापरण्यास मनाई केली. गिऱ्हाईक ‘जुलाबावरचे पाणी द्या’ म्हणाले तर त्याच्या हाती सरबताची पेटी न देता जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाची पुडी द्यावी. नफा थोडा सुटेल हे आम्ही जाणतो.

घरच्या उपचाराची सीमाही ओळखली पाहिजे. तोंड कोरडे पडणे, रडताना अश्रू न येणे, डोळे व तान्ह्या मुलाची टाळू खोल जाणे, लघवी कमी होणे, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली असता सावकाश बसणे, ही अंगातील पाणी आटल्याची चिन्हे होत. मूल सुस्तावून पडले, पाणी पिईना, ओकारी थांबेना, ताप फार चढला, शौचात रक्त दिसले किंवा भाताच्या पेजेसारखे ढाळ एकसारखे होऊ लागले, तर तेथे सलाईनचेच काम असू शकते, व ते इस्पितळातच व्हावे. मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या वडील माणसांविषयी आरंभीच डॉक्टरांस विचारावे. रात्र आहे, सकाळी पाहू, असे म्हणू नये. आणि मूल गिळू शकत असेल तर रिक्षात बसल्यावरही वाटीतले पाणी चमच्याने पाजणे चालूच ठेवावे.