भोंगा वाजला, पण ऐकला कोणी?

2022 सालच्या लक्ष्मीपूजनाची रात्र. अड्याळच्या गल्लीगल्लीतून फटाक्यांचा असा धडाका चालला होता की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येऊ नये. पूजा आटोपून मी ओसरीवर खुर्ची टाकून बसलो होतो. नातवंडांच्या फुलबाज्या कौतुकाने पाहत होतो. आणि नेमक्या त्याच वेळी, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, एका पतसंस्थेच्या बंद दारावरचा भोंगा जीव तोडून ओरडत होता. गावातल्या एकाही माणसाला त्याची वार्ता नव्हती. मलाही नव्हती, आणि तो भोंगा तर मीच बसवलेला!

सकाळी पतसंस्थेचा शिपाई धापा टाकीत दारात आला.

"काकाजी, जरा चाला जी. आफिसात धूरच धूर आहे."

"अरे, पण भोंगा वाजला नाही का?"

"वाजला असन जी. पन रातभर फटाकेच फुटत होते. कोनाले काय समजते?"

मी तसाच अनवाणी धावलो. इन्व्हर्टरच्या वायरीपासून आग लागली होती. खोली बंद, हवा कोंडलेली, म्हणून ती एका लाकडी कपाटावरच भागली आणि आपसूक विझली. तिजोरीला धग लागली नाही, तारणाचे दागिने शाबूत राहिले. परंतु कपाटातली ठेवींची जुनी पुस्तके आणि कर्जाचे कागद यांचा कोळसा झाला होता. पुढे कित्येक आठवडे माणसे आपल्याच पैशाचा पुरावा घेऊन पतसंस्थेच्या पायऱ्यांवर बसलेली मी पाहिली. त्यांत एक म्हातारी होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, घडीवर फाटलेली एक पावती तिने माझ्यापुढे धरली आणि विचारले, "वाचता येते का जी, अजून?" अक्षरे पुसट झाली होती, तरी वाचता आली. ती बाई सुटली. सगळेच काही सुटले नाहीत.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळू लागला. भोंगा चांगला होता. धूर ओळखणारे यंत्र चांगले होते. बॅटरी चांगली होती. मग चुकले कुठे?

मेलेल्या तारेवरचा निरोप

वाचकहो, माझा जन्म टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेला. भंडाऱ्याहून पवनीला जाणाऱ्या रस्त्यावरचे हे आमचे अड्याळ. निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा हात स्वस्थ बसेनात, म्हणून दुकाने, धानाच्या गिरण्या, पतसंस्था यांना चोरीचा आणि आगीचा इशारा देणारी यंत्रे बसवून देऊ लागलो. या पतसंस्थेचे यंत्र 2009 सालचे.

अशा यंत्राचे अंतरंग फार अवघड नसते. दाराच्या चौकटीत एक बारीक स्विच आणि दारावर एक लोहचुंबक असतो. दार उघडले की चुंबक दूर जातो आणि वीजमंडळ तुटते. भिंतीवरचा एक डोळा माणसाच्या अंगची ऊब हलताना टिपतो. छतावरची पांढरी डबी धूर हुंगते. या सर्वांच्या तारा एका पेटीत येतात. पेटीत 12 व्होल्टची बॅटरी असते, वीज गेली तरी काम चालावे म्हणून. पेटीला संशय आला की ती दोन गोष्टी करते: भोंगा वाजवते आणि टेलिफोनच्या तारेवरून ठरावीक नंबर फिरवून आधी भरून ठेवलेला निरोप ऐकवते.

मी तपास केला तो त्या दुसऱ्या गोष्टीचा. टेबलावर टेलिफोन होता. त्यावर भरतकामाचा रुमालही होता. रिसीव्हर कानाला लावला, तर आत स्मशानशांतता! टेलिफोनच्या जिवंत तारेत 48 व्होल्टचा दाब असतो. माझ्या मीटरचा काटा जागचा हलला नाही. त्या पावसाळ्यात रस्त्याच्या खोदकामात जमिनीखालची तार तुटली होती. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल, त्यामुळे ते कोणाच्या लक्षातही आले नव्हते. आमच्या पेटीने बिचारीने त्या रात्री मेलेल्या तारेवर नंबर फिरवला असणार. तार जिवंत असती तरी उपयोग नव्हता, कारण पेटीत नंबर होता तो बदलून गेलेल्या जुन्या व्यवस्थापकांचा!

आणि भोंगा? शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून तो दहा मिनिटांनी थांबेल अशी सोय मीच केली होती. तो दहा मिनिटे ओरडला आणि मी शिकवलेल्या शिस्तीप्रमाणे गप्प झाला. 2009 साली यंत्र बसवून मी मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, "आता निश्चिंत झोपा." पतसंस्थेने ते अगदी अक्षरशः पाळले. मीही पाळले. तेरा वर्षांत एकदा जाऊन टेलिफोन उचलून पाहावा, असे मला वाटले नाही.

जागल्यापासून टॉवरपर्यंत

खरे पाहता इशारा म्हणजे आवाज नव्हे. इशारा म्हणजे निरोप, आणि जो पोचत नाही तो निरोपच नव्हे. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. गावचा जागल्या रात्री नुसता फिरत नसे. तो हाक देई आणि घरातून उत्तर येते की नाही, तेही ऐके. कोतवालाची दवंडी गल्लीच्या तोंडाशी थांबत नसे, ती शेवटच्या घरापर्यंत जाई.

पश्चिमेकडेही हाच विचार झाला. 1852 साली अमेरिकेतील बोस्टन शहरात डॉक्टर चॅनिंग आणि मोझेस फार्मर यांच्या खटपटीने रस्त्यारस्त्यावर आगीच्या वर्दीच्या पेट्या बसल्या. दांडी फिरवली की त्या पेटीचा क्रमांक तारेवरून मुख्य ठाण्यात उमटे. पुढच्याच वर्षी ऑगस्टस पोप याने विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचे पेटंट घेतले. पुढे टेलिफोन आला आणि त्याच्याच तारांवरून घराघरांतला इशारा दूरच्या पहारेकऱ्याला कळू लागला. शंभरावर वर्षे ती तार इमानाने राबली. आपल्याकडे 31 जुलै 1995 रोजी पहिले मोबाइल संभाषण झाले आणि निरोप हळूहळू तारेवरून उठून वाऱ्यावर गेला. इशाऱ्याच्या पेट्या मात्र भिंतीवर जिथल्या तिथे राहिल्या, तुटक्या तारेचे टोक हातात धरून.

भंडारा जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाने या विषयावर लिहावे आणि 9 जानेवारी 2021 ची रात्र आठवू नये, हे शक्य नाही. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षाला मध्यरात्रीनंतर आग लागली. कक्षात सतरा बाळे होती. सात वाचली, दहा गेली. धूर प्रथम दिसला तो दार उघडणाऱ्या परिचारिकेला. त्यानंतर राज्यातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे हुकूम सुटले, ते योग्यच झाले. परंतु अशा तपासणीत यंत्र आहे का, एवढेच विचारून भागत नाही. ते वाजले तर रात्री दोन वाजता नेमका कोण जागा होईल, हेही विचारले पाहिजे.

जुन्या पेटीला नवी जीभ

आता तुम्ही म्हणाल, सगळे काढून नवे बसवायचे का? मुळीच नाही. जुन्या पेटीचे डोळे आणि नाक शाबूत असतात. बदलायची असते ती फक्त जीभ.

मी काय केले ते सांगतो. बाजारात एक लहानशी डबी मिळते. तिच्यात मोबाइलचे सिम बसते आणि तिला बोटभर ॲन्टेना असतो. पेटीतून भोंग्याकडे जाणाऱ्या तारांवर मी एक रिले जोडला. भोंग्याला वीज मिळाली की रिलेची जीभ मिटते, आणि डबीला समजते की काही घडले आहे. मग ती ओळीने पाच जणांना फोन लावते आणि संदेशही पाठवते. भोंगा आहे तसाच ठेवला. टॉवर बंद असला तर निदान शेजारी तरी जागा व्हावा! नव्या यंत्रणेच्या मानाने हा खर्च अगदी थोडा.

तथापि डबी बसवली की काम संपले, असे मात्र समजू नका. ठेच लागून जे शिकलो ते पुढे मांडतो.

पहिली गोष्ट, चोरी आणि आग यांचे निरोप वेगळे ठेवा. चोराच्या निरोपावर माणूस काठी शोधतो आणि पोलिसांना 112 वर कळवतो. आगीच्या निरोपावर त्याने आधी मेन स्विच पाडावा आणि 101 फिरवावा. आमच्याकडे बंब भंडाऱ्याहून नाही तर पवनीहून यायचा, त्यामुळे पहिली दहा मिनिटे गावाचीच असतात. म्हणून मी धुराच्या यंत्राला निराळा रिले दिला.

दुसरी, डबी घेताना ती कोणत्या पिढीच्या जाळ्यावर चालते ते पाहा. अमेरिकेत एका मोठ्या कंपनीने 22 फेब्रुवारी 2022 रोजी आपले थ्री-जी जाळे बंद केले. त्यावर चालणारे जे इशारे तोवर बदलले नव्हते, ते एका दिवसात मुके झाले. आपल्याकडेही एअरटेलने 2020 पर्यंत थ्री-जी आवरते घेतले. जिओने तर टू-जी कधी सुरूच केले नाही, त्यामुळे टू-जीची स्वस्त डबी तिच्या सिमवर बोलतच नाही. घ्यायचीच तर फोर-जीची घ्या. आणि घेण्याआधी मोबाइल हातात घेऊन, पेटी असेल त्याच कोपऱ्यात उभे राहून रेंज पाहा. तिजोरीच्या खोलीच्या जाड भिंतीआड ती बहुधा नसते. मी ॲन्टेना तारेने लांबवून खिडकीशी नेला.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी. इशाऱ्याचे यंत्र वर्ष वर्ष गप्प असते, तोच त्याचा चांगुलपणा. परंतु नव्वद दिवस न वापरलेले सिम कंपनी बंद करू शकते, आणि रिचार्ज संपला तर त्याआधीच निरोप अडतो. जुन्या काळी तार कुदळीने तुटायची, आता ती रिचार्ज विसरल्याने तुटते! यंत्रांच्या आपसांतल्या बोलण्यासाठी निराळी सिमे असतात. त्यांचे नंबर तेरा आकडी असतात. मोठ्या संस्थांनी ती घ्यावीत. लहानांनी निदान रिचार्जची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल शाईने लिहावी.

चौथी गोष्ट म्हणजे रोजची खुशाली. डबीला असे सांगून ठेवता येते की दररोज रात्री नऊ वाजता 'सर्व ठीक' असा संदेश पाठव. माझ्या मते या सगळ्या सुधारणेचा प्राण तो हाच. जुनी तार मेली तेव्हा ती मेली असे सांगायला कोणी नव्हते. आता सिम बंद पडो, बॅटरी उतरो, वीज कोसळून डबी जळो किंवा चोर रेंज अडवणारे यंत्र घेऊन येवो, नऊ वाजताचा संदेश आला नाही की काहीतरी बिनसले हे कळते. जागल्याच्या हाकेला घरातून उत्तर येई, तसेच हे.

आणि पाचवी, माणसे. पाच नंबरांत मी एक व्यवस्थापकांचा, एक शिपायाचा, एक समोरच्या दुकानदाराचा, एक संचालकांपैकी एकाचा आणि एक स्वतःचा घातला. माणूस बदलला की नंबर बदलायचा. पुणे, नाशिक यांसारख्या जिल्ह्यांत 'ग्राम सुरक्षा यंत्रणा' म्हणून एक सोय चालते. एका ठरावीक नंबरावर संकट सांगितले की सांगणाऱ्याचाच आवाज परिसरातल्या नोंदलेल्या सर्व मोबाइलवर एकदम वाजतो. हीच जुनी दवंडी, फक्त वाऱ्यावरची. यंत्राने पाच जणांना उठवावे आणि पाच जणांनी गावाला, एवढे साधले की पुष्कळ झाले.

नऊ वाजताची खुशाली

डबी बसवल्यावर परीक्षा घ्यायची होती. मी उदबत्तीचा जुडगा पेटवून पांढऱ्या डबीखाली धरला. भोंगा कडाडला. पाठोपाठ व्यवस्थापकांचा फोन खणखणला, मग शिपायाचा, मग समोरून दुकानदार हातात बादली घेऊन धावत आला.

"कुठी आग लागली जी, काकाजी?"

सगळे हसले. मी मात्र हसलो नाही. त्या बादलीकडे पाहून मला गहिवरून आले. तेरा वर्षे मी भोंगा बसवला, भोंगा बसवला म्हणत होतो. बादली घेऊन धावणारा माणूस मी त्या दिवशी प्रथम बसवला.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या सोमवारी उदबत्तीची ही परीक्षा होते. गावातली पोरे तिला 'काकाजीची पूजा' म्हणतात. म्हणोत बापडी!

पुढल्या वर्षीचे लक्ष्मीपूजन आले. तोच धडाका, तीच ओसरी, तीच खुर्ची. फटाक्यांच्या आवाजात भोंगा वाजला असता तरी या वेळीही कानांना कळला नसता. नऊ वाजले. सदऱ्याच्या खिशात मोबाइल थरथरला. चष्मा लावून पाहिले, तर शब्द दोनच होते: 'सर्व ठीक'.

मी नातवाकडची एक फुलबाजी मागून घेतली आणि पेटवली. मात्र 'निश्चिंत झोपा' असे आता मी कोणाला सांगत नाही. या दिवाळीत सवड काढून आपल्या दुकानातल्या, संस्थेतल्या, दवाखान्यातल्या त्या भिंतीवरच्या पेटीपाशी जरा जा, आणि तिला विचारा: बाई ग, तू ओरडलीस तर कोणाला ऐकू जाईल? उत्तरात नाव आले नाही, तर त्याच दिवशी माणूस बोलवा.