पाणक्यांची हजेरी

पनवेलचं बेथ एल हे १८४९चं सिनेगॉग. कोकणातले यहुदी, म्हणजे बेने इस्राएल, मात्र आपल्या प्रार्थनाघराला 'मशीद'च म्हणत आले. त्यांची आडनावं ऐकावीत: पेणकर, दिवेकर, किहीमकर, नवगावकर. गाव वेगळं विचारावं लागत नाही.

आता हिब्रू बायबलातल्या एज्राच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय उघडा. इ.स.पू. ५३८च्या सुमारास इराणच्या कोरेश राजाने बाबेलमधल्या यहुद्यांना मायदेशी जायची मुभा दिली. त्या परतणाऱ्यांची ही यादी. बेथलेहेमचे १२३, अनाथोथचे १२८, यरीहोचे ३४५. बेथलेहेमकर आणि यरीहोकरच की!

खरं नवल पुढे आहे. याजक ४,२८९, मंदिरसेवेत त्यांच्या हाताखालचे लेवी जेमतेम ७४, आणि मग नथीनीम, म्हणजे 'दिलेले'. आपल्याकडे खंडोबाला वाहिलेलं मूल वाघ्या किंवा मुरळी होई, तसे हे यरुशलेमच्या मंदिराला वाहिलेले. परंपरा त्यांना गिबोन गावच्या परक्या लोकांचे वंशज मानते. त्या गिबोनकरांनी इस्राएलांचा नेता यहोशवा याला फसवून तह केला आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे लाकूडफोडे, पाणके झाले. यादीतली सीसरा, मऊनीम ही नावं तर परकीच. युद्धात धरून आणलेल्यांचीही असतील. शलमोन राजाच्या चाकरांचे वंशज धरून हे सगळे ३९२. लेव्यांच्या पाचपट!

बाबेलमध्ये मंदिर नव्हतं, तेव्हा पाणी कोणासाठी ओढायचं? खालच्या दर्जाची ही ओळख तिथल्या गर्दीत विरघळू देणं किती सोपं होतं! पण त्यांनी आजे-पणजांची नावं जपली. पुढे इ.स.पू. ४५८च्या सुमारास, ज्याच्या नावाचं हे पुस्तक तो एज्रा बाबेलहून यरुशलेमला निघाला. अहवा नदीकाठी मोजदाद केली तर एकही लेवी नाही. माणसं धाडली तेव्हा ३८ लेवी मिळाले, आणि नथीनीम २२०! तिथून जवळपास चार महिन्यांची वाट. मला वाटतं, यात भक्तीइतकाच हक्कही असावा. यरुशलेमात त्यांना करमाफी होती आणि ओफेल टेकडीवर, पाणीवेशीसमोर, स्वतःची वस्ती.

मान मात्र मिळाला नाही. काही शतकांनी रचलेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात त्यांचं नाव शुद्ध कुळाच्या यहुद्यांशी सोयरीक न चालणाऱ्यांत आहे. आणि एज्राच्या यादीत त्यांच्या लगेच खाली कोण? आपलं कूळ सिद्ध करता न आलेली माणसं. त्यांत याजकांचीही काही घराणी होती. वंशावळीत नाव सापडेना म्हणून त्यांना याजकपदापासून दूर ठेवलं.

इथे पुन्हा कोकण आठवतं. बेने इस्राएलांत परंपरेने ना याजकांची घराणी, ना लेव्यांची. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, एवढीच त्यांची वंशकथा. कागद कुठून आणणार? इस्रायलला गेल्यावर १९६०च्या दशकात तिथल्या धर्मपीठाने लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी लावली. तेलघाणे चालवणारे 'शनवार तेली' म्हणून ज्यांचा शनिवारचा धार्मिक खाडा साऱ्या कुलाबा जिल्ह्याला ठाऊक, त्यांना यहुदीपणाचा दाखला मागितला गेला. यरुशलेमात आंदोलनं झाली. ते सर्वार्थाने यहुदीच आहेत, असं इस्रायलने जाहीर केलं १९६४ साली.