फडणिसाला जागा नाही

मार्च २००९ मध्ये 'एम्पायर: टोटल वॉर' आला आणि ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया यांच्या पंगतीत मराठ्यांचेही पान मांडलेले दिसले. कर्जत-खोपोली पट्ट्यात ते भारनियमनाचे दिवस होते. वीज असेल तेवढ्या वेळात मोहीम मारायची. सेव्ह करायचे राहिले आणि दिवे गेले की सारा मुलूख पुन्हा जिंकायचा. पोरांना त्याचे काही वाटत नसे. दिल्ली घेऊन जहाजे थेट युरोपच्या किनाऱ्याला लावलेले बहाद्दर आमच्याकडे होते. लढायांची मजा पुरेपूर होती. कारभाराचे पान मात्र कोणी फारसे उघडत नसे, आणि उघडले तरी त्यात बघण्यासारखे काही नव्हते.

मोहीम सुरू होते १७०० साली. राज्याचे नाव 'मराठा कॉन्फेडरसी', राज्यप्रकार निरंकुश राजेशाही. प्रत्यक्षात त्या वर्षीच्या मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, एप्रिलमध्ये सातारा औरंगजेबाच्या हाती गेला आणि कारभार ताराबाईंनी उचलला. त्याआधी कित्येक वर्षे राजा जिंजीत आणि इकडचा मुलूख 'हुकूमतपनाह' रामचंद्रपंत अमात्यांच्या हवाली, असा प्रकार होता. असले राज्य खेळात स्वच्छ सीमा आखून बसलेले असते. आणि 'कॉन्फेडरसी' म्हणायचे तर शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या सरदाऱ्या उभ्या राहायला अजून दोन-तीन दशके होती.

मंत्रिमंडळाच्या पानावर सरकारप्रमुख, खजिना, न्याय, लष्कर आणि आरमार असे चौकोन. लंडनला तेच, इस्तंबूलला तेच, आपल्यालाही तेच. नको झालेल्या मंत्र्याला काढले की तो मुकाट्याने जातो. १६७४ च्या राज्याभिषेकातले अष्टप्रधान या चौकोनांत कोंबायचे म्हटले तर सुमंत आणि पंडितराव दाराबाहेर उभे राहतात. तेही एक वेळ चालवून घेऊ. खरी पंचाईत पुढची आहे. अठराव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत हे राज्य मुख्यतः नाना फडणीसांनी चालवले, आणि फडणीस हे पद अष्टप्रधानांतही नाही आणि खेळातल्या चौकोनांतही नाही. जमाखर्च आणि दप्तर सांभाळणारा अधिकारी. सनद निघायची, पगार सुटायचा, सरंजामाचा हिशेब तपासला जायचा तो त्याच्या फडातून.

चीनचे नशीब या बाबतीत बरे निघाले. पॅराडॉक्स या स्वीडिश कंपनीने २०१० मध्ये 'युरोपा युनिव्हर्सालिस ३'चा 'डिव्हाइन विंड' हा विस्तार काढला, त्यात मिंग दरबारात खोजे, नोकरशहा आणि मंदिरे असे तीन गट आले. ज्याचे पारडे जड, त्याप्रमाणे सम्राटाचे हात मोकळे किंवा बांधलेले. २०१७ च्या 'मँडेट ऑफ हेवन'मध्ये चौथ्या आवृत्तीतले गट गेले आणि स्वर्गाच्या कौलाचा आकडा आला. मांडलिक किती, मुलूख किती उद्ध्वस्त, कर्ज किती यावर तो चढायचा-उतरायचा. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये 'क्रुसेडर किंग्ज ३'च्या 'ऑल अंडर हेवन' या विस्ताराने परीक्षा, मंत्रालये, गुणांवर बढती आणि राजवंशांच्या चढउताराचे चक्र असा अख्खा संसारच मांडला. पंधरा वर्षे लागली, पण कामाची दिशा बरोबर होती.

कारण चिनी राज्याचे खरे कोडे सम्राटाच्या ताकदीत नाही, त्या ताकदीच्या गळतीत आहे. पहिल्या मिंग सम्राटाने १३८० मध्ये पंतप्रधानपदच मोडीत काढले आणि सहाही मंत्रालये थेट आपल्या हाताखाली घेतली. पुढच्या सम्राटांना तो कागदांचा ढीग उपसेना; सचिव आले, खोजे आले. खाली जिल्ह्यावर नेमलेला अधिकारी परीक्षा देऊन वर आलेला, पण स्वतःच्या प्रांतात त्याला नेमणूक नाही आणि काही वर्षांत बदली ठरलेली. बऱ्याचदा तिथली बोलीही त्याला कळायची नाही. कारभार चालायचा तो स्थानिक कारकून आणि घरंदाज मंडळी यांच्या भरवशावर. खेळाडूला सम्राट करायचे आणि तरीही त्याचा हुकूम गावापर्यंत सबंध पोचू द्यायचा नाही, हे ज्याला साधले त्याला चीन साधला.

मग आमच्या डोंगरांवर काय वेगळे होते? सभासदाच्या बखरीत गडाची व्यवस्था दिलेली आहे. हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे तिघे एका तोलाचे, तिघांनी मिळून कारभार करायचा, आणि कोठारावर कारखानीस वेगळा. सरनोबत मराठा, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभू. जातीचा गोतावळा एक होऊ नये ही खबरदारी. सबनिसाने हजेरी आणि कागद धरायचे, कारखानिसाने दाणागोटा आणि दारूगोळा, हवालदाराने दरवाजा. कोणाही एकट्याला गड विकता येऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. चिनी अधिकाऱ्याला घरच्या प्रांतात न नेमण्यामागेही हाच संशय होता. संशय पूर्ण खोटाही नव्हता: कर्जतच्या पेठ गावावरचा कोथळीगड १६८४ मध्ये फितुरीनेच मोगलांकडे गेला.

'युरोपा युनिव्हर्सालिस ४'मध्ये किल्ला म्हणजे एक पातळी आणि वेढ्यात ठरावीक दिवसांनी पडणारा एक फासा. कोथळीगडाचे कोरीव खांब आणि सुळक्याच्या पोटातला जिना बघून आलेल्याला हा फासा जरा पोरकटच वाटतो. चार माणसांतला कोण फुटेल हे दाखवायला फारसे अवघड गणित लागत नाही. चिनी दरबारासाठी ते मांडलेच होते की.

त्याच खेळाच्या २०१८ च्या 'धर्मा' विस्ताराला मात्र दाद द्यायला हवी, कारण तिथे मराठे पहिल्यांदा राज्य म्हणून न येता राज्याच्या आतला वर्ग म्हणून आले. ब्राह्मण, रजपूत, जैन, वैश्य यांच्या बरोबरीने मराठा हा हक्क मागणारा, खूश ठेवावा लागणारा घटक. दख्खनच्या सुलतानांचा कारभार देशमुख-देशपांडे आणि मराठे सरदार यांच्यावाचून चालत नव्हता, हे ज्याने कोणी ओळखले त्याने वाचन केलेले असणार. उणे राहिले ते व्यक्तीचे. खालापूर तालुक्यातले चौक हे नेताजी पालकरांचे गाव मानले जाते. स्वराज्याच्या फौजेचे सरनोबत, मग १६६६ मध्ये बडतर्फ, मग विजापूर, मग मोगल, धर्मांतर होऊन मुहम्मद कुलीखान, आणि १६७६ मध्ये पुन्हा स्वराज्यात. निष्ठेच्या कुठल्याही पट्टीवर हा माणूस मावत नाही.

भूगोलाचा प्रश्न सुटायला आणखी वेळ लागला. चावणीजवळच्या उंबरखिंडीत फेब्रुवारी १६६१ मध्ये मोगलांचे सरदार कारतलबखान आणि रायबागन अडकले. वर घाट, भोवती रान, पुढे-मागे वाट बंद, पाणी नाही. खंडणी भरून, सामान टाकून सुटका झाली. जुन्या खेळांत हे 'डोंगराळ प्रदेश, हल्लेखोराला उणे दोन' यापलीकडे जात नाही, आणि इथे तर आत शिरलेल्यावरच हल्ला झाला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या 'युरोपा युनिव्हर्सालिस ५'ने निदान एक गोष्ट ओळखली: राजधानीची पकड अंतरावर नाही, वाटेवर अवलंबून असते. रस्ता, नदी, बंदर असेल तर हुकूम पोचतो. डोंगर आडवा आला की पातळ होतो आणि करही त्याच मापाने येतो. खंडाळ्यावरून खोपोली हाकेच्या अंतरावर दिसते, पण बोरघाटातून गाड्या जाण्याजोगा रस्ता झाला तो १८३० मध्ये. त्याआधी सगळा व्यवहार बैलांच्या पाठीवर. नानांनी घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला महादेवाचे देऊळ आणि मोठे तळे बांधले, ते चढणीआधी तांडे थांबतात तिथेच. हा राज्यकारभार होता. खेळात तो फार तर 'मंदिर' म्हणून उमटेल.

याच वाटेने १७७८ च्या डिसेंबरमध्ये मुंबईकर इंग्रज राघोबादादांना पेशवाईवर बसवायला वर चढले. सुमारे ३,९०० शिपाई, १९,००० बैल, आणि सेनापती म्हणून एक समिती: कर्नल एगर्टन, कार्नॅक, मॉस्टिन. मॉस्टिन आजारी पडून मुंबईला परतला आणि वारला. उरलेल्या दोघांचे पटत नव्हते. आज गाडीने जो टप्पा तासाभराच्या आत होतो, त्या खंडाळा-तळेगाव वाटेला त्यांनी दोन आठवड्यांहून जास्त लावले. मराठे समोर येऊन लढेनात, गवत-दाणा जाळत मागे सरकत राहिले. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून फौज मागे फिरली आणि वडगावला तह झाला. पलीकडची बाजूही समितीच होती. पेशवा सवाई माधवराव पाच वर्षांचाही नव्हता; त्याच्या नावाने कारभार चालवणाऱ्या बारभाईंपैकी नाना आणि महादजी शिंदे यांचे त्या महिन्यापुरते सूर जुळले होते, एवढेच.

या दोन समित्यांपैकी एकीचा खेळ झाला आहे. कोल वेर्ली यांचा 'जॉन कंपनी' हा पटावरचा खेळ २०१७ मध्ये आला, त्याची सुधारलेली आवृत्ती २०२२ मध्ये. त्यात खेळाडू कंपनी नसतो. कंपनीत आपली पोरे चिकटवणारे एक घराणे असतो. कोणी मुंबईचा अध्यक्ष, कोणी फौजेत, आणि कंपनी बुडाली तरी घर तरले पाहिजे. कारभार कसा दाखवावा याचा याहून चांगला नमुना माझ्या पाहण्यात नाही. मराठे मात्र त्या पटावर आठ प्रदेशांपैकी एक. त्यांना बळ आहे, फड नाही.

का नाही, याचे एक उत्तर कागदांत आहे. चिनी नोकरशाहीवर इंग्रजीत ग्रंथांची कपाटे भरलेली आहेत, कंपनीचे तर सारे दप्तरच इंग्रजीत. पेशवे दप्तर मोडीत. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले ४५ खंड छापून काढले. ते राहायचे घाटावर कामशेतला, कर्जतहून गाडीने थोड्याच वेळाच्या अंतरावर. पण स्टॉकहोममधला खेळ बनवणारा कामशेतपर्यंत कशाला येईल? आणि आपल्याकडे मराठ्यांवर खेळ काढण्याच्या गप्पा निघतात तेव्हा पहिली चर्चा तलवारीची आणि घोड्याची. सबनिसाचे नाव निघाले तर हसतात.

तरी एक मोहीम कोणीतरी मांडावीच. महादजी १७९२ मध्ये पुण्याला आले ते बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलकीचा मान घेऊन, आणि त्याबरोबर उत्तरेत झालेल्या खर्चाची भली मोठी मागणी घेऊन. फडातून उलट त्यांच्याकडेच उत्तरेच्या वसुलाचा हिशेब मागितला गेला. सगळ्या खेळांत दिल्ली हाती आली की खजिन्याचा आकडा वर जातो. इथे दिल्ली ताब्यात ठेवणाऱ्याने पुण्याच्या नावे बाकी काढली, पुण्याने ती तपासायला घेतली, आणि तपासणीचा हा घोळ चालू असतानाच फेब्रुवारी १७९४ मध्ये महादजी वानवडीला वारले.