विश्लेषण : नळांवर पांढरा थर, गिझर वारंवार बिघडतोय; घरात वॉटर सॉफ्टनर हवाच का?

उन्हाळा लागला की उपनगरांतील अनेक सोसायट्या बोअर आणि टँकरवर येतात. शॉवरची छिद्रे बुजतात, गिझरची कॉइल जाते आणि सॉफ्टनरची चर्चा सुरू होते. मात्र खर्च करण्यापूर्वी काही गोष्टी तपासायला हव्यात.

पाणी जड का होते?
जमिनीत मुरणारे पाणी खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवते. असे पाणी तापले की कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसतो. त्यामुळे पहिला फटका गिझरला बसतो. थंड पाण्याच्या पाइपमध्ये हा थर तुलनेने हळू साचतो.

टीडीएस मीटर पुरेसा आहे?
नाही. हा मीटर सर्वच विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, जडपणा मोजत नाही. सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम सोडतो. त्यामुळे पाणी मृदू झाले तरी टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. म्हणून प्रयोगशाळेतून किंवा थेंबांच्या किटने ‘टोटल हार्डनेस’ तपासून घ्या.

किती जडपणा जास्त?
पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० मानकानुसार लिटरला २०० मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा आहे. पर्यायी स्रोत नसल्यास ६०० पर्यंत मुभा आहे. आकडा २०० च्या आत असेल, तर सहसा सॉफ्टनर लागत नाही.

खर्चाचे गणित काय?
चौघांचे कुटुंब माणशी १३५ लिटरप्रमाणे रोज ५४० लिटर पाणी वापरते. जडपणा ४०० असेल, तर त्यात रोज २१६ ग्रॅम क्षार येतात. ते सगळे काढायचे, तर महिन्याला किमान साडेसात किलो मीठ लागते. प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. शिवाय रेझिन धुतलेले खारे पाणी गटारात जाते.

मग निर्णय कसा घ्यावा?
- जड पाणी उन्हाळ्यापुरतेच असेल, तर गिझरचे तापमान ५०-५५ अंशांवर ठेवा आणि वर्षातून एकदा टाकी साफ करून घ्या.
- घर भाड्याचे असेल, तर मोठा खर्च टाळा.
- वर्षभर बोअरचेच पाणी असेल आणि जडपणा ३००-४०० च्या पुढे असेल, तर सॉफ्टनरचा विचार करा. सोसायटीत तो बोअरच्या लाइनवर एकत्रित बसवणे सोयीचे.
- स्वयंपाकाची आणि झाडांची लाइन वेगळी ठेवा. मृदू पाण्यात सोडियम वाढलेले असते. मीठ कमी खाण्याचा सल्ला असलेल्यांनी ते पिण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.