एक्मोवरून सुटलेलं बाळ : मानेची रक्तवाहिनी बांधली की शिवली, हे विचारून घ्या

सातारा/सांगली : नवजात बाळाचं हृदय आणि फुप्फुसं थकली, व्हेंटिलेटरही पुरेना, तर पुण्या-मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात ‘एक्मो’ मशिन लावतात. हे मशिन रक्त बाहेर घेतं, त्यात ऑक्सिजन मिसळून परत अंगात सोडतं. १९७५ साली अमेरिकेत डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी यावर पहिलं नवजात बाळ वाचवलं.

त्यासाठी बाळाच्या मानेत उजव्या बाजूला बहुधा दोन नळ्या घालतात. त्यातली एक मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीत असते. मशिन काढल्यावर ही धमनी एक तर कायमची बांधतात. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं कडं असतं, त्यातून डावीकडचं रक्त उजवीकडे पोचतं. एक चारी बंद झाली तरी दुसरीने रान भिजावं, तसंच हे. दुसरा मार्ग म्हणजे बारीक टाके घालून धमनी शिवणे. मग रक्त पुन्हा सुरू होतं, पण ती जागा पुढे अरुंद होऊ शकते, गुठळीही धरू शकते. धमनी फार खराब झाली असेल तर बांधावीच लागते.

म्हणून डिस्चार्ज कार्डावर नेमकं काय केलं ते लिहून घ्या. मानेची डॉप्लर सोनोग्राफी कधी करायची ते विचारा. कान, नजर, चालणं-बोलणं यांच्या तपासण्या चुकवू नका. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकालाही कार्ड दाखवा. लेकराला झटका आला, तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर घरी वाट न बघता लगेच १०८ ला फोन लावा.