जुना एक्स-रे रद्दीत टाकू नका

छातीच्या फोटोत डाग निघाला की घरातील मंडळी धास्तावतात. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "जुना फोटो आहे का?" बहुधा नसतोच. कोणी घर बदलताना तो टाकून दिलेला असतो, तर कोणाच्या मुलांनी त्यातून सूर्यग्रहण पाहिलेले असते! (तसे मुळीच करू नये, डोळ्याच्या पडद्याला इजा होते.)

क्षयरोग पूर्ण बरा झाला तरी फुफ्फुसावरील त्याचा व्रण जन्मभर राहू शकतो. डाग जुना की नवा, हे एकाच फोटोवरून अनुभवी डॉक्टरांनाही पुष्कळदा सांगता येत नाही. इंदापूर तालुक्यातील माझे एक रुग्ण पूर्वी क्षयाचे उपचार घेतलेले. त्यांनी सात वर्षांपूर्वीची फिल्म पेटीत जपून ठेवली होती. दोन्ही फोटो शेजारी लावले. वरचा ठळक डाग होता तसाच होता. पण त्याखालची, जुन्या फोटोत स्वच्छ असलेली जागा धुरकट झाली होती. थुंकीत जंतू सापडले व उपचार लगेच सुरू झाले. नुसता नवा फोटो असता तर नजर त्या ठळक डागावरच खिळली असती.

ही ताडून पाहण्याची कला आता संगणकालाही शिकवता येते. आपल्या ऊस बागायतदारांना ती अपरिचित नाही. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तंत्रज्ञानाच्या साहाय्याने उसासाठी जो प्रकल्प राबवला, त्यात उपग्रहाने टिपलेली शेताची चित्रेही वापरतात. निरनिराळ्या दिवसांची चित्रे ताडली की प्लॉटचा कोणता भाग मागे पडला ते कळते.

एक्स-रेचेही तसेच. संगणकाच्या लेखी चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता: काळ्या ठिपक्याला ०, पांढऱ्याला २५५, करड्या छटा मधल्या. पायथॉन या संगणकीय भाषेत थोड्या ओळींचा प्रोग्राम लिहून दोन्ही फोटोंतील ठरावीक चौकट निवडायची आणि नव्या आकड्यांतून जुने वजा करायचे. बदल नसेल तेथे उत्तर शून्याच्या आसपास येते. जेथे मोठे येते, ती जागा प्रोग्राम रंगवून दाखवतो.

ऐकायला सोपे, पण खरी मेख पुढेच आहे. रुग्ण किंचित तिरका उभा राहिला तर बरगडीवर बरगडी बसत नाही, आणि संगणकाला सगळीकडे बदलच बदल दिसतो. श्वास अर्धवट घेतला तर निरोगी फुफ्फुसाचा तळही पांढुरका दिसतो व हृदय मोठे भासते. म्हणून आधी दोन्ही चित्रे एकमेकांवर नीट जुळवून घ्यावी लागतात, उजेडातील फरकही सारखा करावा लागतो. एवढे करूनही यंत्र फक्त "येथे फरक आहे" एवढेच म्हणते. तो फरक क्षयाचा, न्यूमोनियाचा, गाठीचा की हललेल्या खांद्याचा, हे तपासणाऱ्याने ठरवायचे.

तेव्हा तंत्रज्ञ "श्वास भरून रोखा" म्हणतो, ते मनावर घ्या. फिल्म सपाट व कोरड्या जागी ठेवा, वर तारीख असू द्या. डिजिटल फोटोची मूळ प्रत मागून घ्या. मोबाइलवर काढलेल्या फिल्मच्या फोटोत ट्यूबलाइटचा उजेडही डागासारखा उमटतो. आणि खोकला दोन आठवड्यांहून अधिक असेल, तर दोन्ही फोटो हुबेहूब सारखे असले तरी थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.