आरोग्य विमा आणि आयुर्वेद : लाभ किती, जोखीम किती?

एककुष्ठाने दीर्घकाळ त्रस्त असलेले एक निवृत्त शिक्षक आमच्या रुग्णालयात विरेचनासाठी दाखल झाले. स्नेहपान पाच दिवस, त्यानंतर अभ्यंग-स्वेदन, विरेचन आणि सात दिवसांचा संसर्जनक्रम अशी योजना यथाविधी पार पडली. व्याधीला उत्तम उपशय मिळाला. विमा कंपनीने मात्र दावा फेटाळला. कारण एका ओळीचे होते : 'रुग्णास दाखल करून घेण्याची आवश्यकता नव्हती.' शिक्षकांनी निवृत्तिवेतनातून देयक चुकते केले. हा प्रसंग अपवादात्मक नाही, असे अनेक वैद्यबंधू सांगतील.

देशातील आरोग्य विमा सुधारणांचा ओघ पाहिला तर त्याची व्याप्ती वाढत गेली आहे, हे मान्य करावे लागेल. २००८ च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास वार्षिक तीस हजार रुपयांचे संरक्षण होते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेने ही मर्यादा पाच लाखांवर नेली. आयुर्वेदाच्या दृष्टीने महत्त्वाचे पाऊल २०२४ चे होय. आयुष उपचारांना अन्य उपचारांच्या बरोबरीने वागवावे आणि आयुष रुग्णालयांना रोखविरहित सेवेच्या जाळ्यात घेण्याची कार्यपद्धती ठरवावी, असे विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२४ पासून कंपन्यांना बंधनकारक केले.

याचा लाभ उघड आहे. खर्चाच्या भीतीने शोधन टाळणारा मध्यमवर्गीय रुग्ण आता पंचकर्माचा विचार करू शकतो. शिवाय विम्यासाठी नोंदी ठेवाव्या लागतात आणि त्यातून आपल्या चिकित्सेचा पुरावा आपोआप साठतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. या योजनांची घडण शय्येभोवती झालेली आहे. आपली बहुतांश चिकित्सा मात्र बाह्यरुग्ण विभागात, काढा-चूर्ण-गुटी आणि पथ्याच्या आधारे चालते. जन आरोग्य योजनेत बाह्यरुग्ण उपचार नाहीत आणि बहुसंख्य खासगी विमापत्रांतही ते नसतात. आयुष रुग्णालय म्हणून गणले जाण्यास किमान पाच आंतररुग्ण शय्या आणि चोवीस तास पात्र वैद्य आवश्यक आहेत. तालुक्याच्या गावी एकट्याने चिकित्सालय चालविणाऱ्या वैद्याला ही अट कशी पेलावी? रुग्ण विम्यामागे मोठ्या रुग्णालयांकडे वळेल, ही भीती निराधार नाही.

औषधनिर्मितीचेही तसेच आहे. वैद्याने स्वतःच्या रुग्णासाठी सिद्ध केलेल्या औषधास १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यान्वये परवान्यातून सूट आहे. पण अशा औषधावर छापील किंमत वा तुकडी क्रमांक नसल्यास त्याचे देयक दाव्यात टिकणे कठीण. औषधालयांच्या मालकांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी.

याहून सूक्ष्म धोका चिकित्सातत्त्वालाच आहे. ठरावीक दराचे 'पॅकेज' आले की स्नेहपान तीन दिवसांचे की सात, हे कोष्ठ आणि अग्नी पाहून न ठरता दरपत्रक पाहून ठरू लागेल. तेव्हा व्याधीला पॅकेज मिळेल, पण पुरुषाला चिकित्सा मिळेलच असे नाही.

म्हणून विम्यास सरसकट विरोध नको, तसेच त्याचे निःशंक स्वागतही नको. बाह्यरुग्ण चिकित्सा व औषधांचा समावेश, लहान चिकित्सालयांसाठी दिवसोपचार केंद्राचा सुलभ मार्ग आणि दाव्याच्या छाननीत आयुर्वेद पदवीधराचा सहभाग, या तीन मागण्या आपण एकमुखाने मांडाव्यात. त्याचबरोबर आपले कर्तव्यही विसरू नये. दाखल करण्याचे कारण, दोष-दूष्य विचार, दैनंदिन मात्रा आणि सम्यक् लक्षणे यांची नोंद प्रत्येक रुग्णपत्रिकेत असलीच पाहिजे. त्या शिक्षकांच्या रुग्णपत्रिकेत स्नेहाची मात्रा होती, परंतु त्यांना दाखल का करून घेतले, हे मात्र आम्ही लिहिलेले नव्हते.